एका वस्तूभोवती कॅमेरा-ड्रोन गोल फिरवताना

कॅमेरा-ड्रोन एखाद्या वस्तूभोवती गोल फिरतो तेव्हा तो आडवा सरकत असतो आणि त्याचा कॅमेरा सरकण्याच्या दिशेशी काटकोन करून मधल्या वस्तूकडे रोखलेला असतो. याचा अर्थ असा की ड्रोन ज्या दिशेने चालला आहे, ती दिशा उडवणाऱ्याला स्क्रीनवर कधीच दिसत नाही. सरळ पुढे जाताना समोरचे झाड दिसते, मागे येताना आपण न पाहता मागे चाललो आहोत याची निदान जाणीव असते. गोल फिरताना मात्र नजर मधल्या वस्तूवर खिळलेली असते, चित्र सुंदर दिसत असते आणि अडथळा येतो तो चौकटीच्या बाहेरून. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: वर्तुळ आधी जमिनीवर ठरवावे, तपासावे आणि मगच ते हवेत काढावे. जो हे करतो त्याचे उड्डाण सुरक्षित होतेच, शिवाय दृश्यही चांगले येते, कारण दृश्याचा दर्जा ज्या तीन गोष्टींवर ठरतो, म्हणजे त्रिज्या, उंची आणि वेग, त्या तिन्ही उड्डाणापूर्वी शांतपणे ठरवता येतात.

वर्तुळ जमिनीवर आखणे

मध्य निश्चित करून ठरवलेल्या त्रिज्येवरून एकदा पायी फेरी मारावी. त्रिज्या २० मीटर असेल तर परीघ साधारण १२६ मीटर होतो. तेवढे चालायला दोन-तीन मिनिटे पुरतात. चालताना मान वर ठेवावी आणि ड्रोन ज्या उंचीवरून जाणार आहे त्या उंचीवर काय आहे ते पाहावे. सर्वांत जास्त काळजी तारांची घ्यावी. तार दुरून दिसत नाही, पण खांब दिसतो. त्यामुळे दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे गृहीत धरावे, आणि खांबाला जमिनीशी बांधणारा तिरका ताणही विसरू नये. पाने गळलेल्या झाडाच्या टोकाच्या काड्या ही दुसरी फसवी गोष्ट आहे.

अडथळे ओळखणारे सेन्सर आपल्याला वाचवतील या भरवशावर राहणे बरे नव्हे. अनेक लहान ड्रोनना पुढे, मागे आणि खाली सेन्सर असतात, पण बाजूंना नसतात, आणि गोल फिरताना तर ड्रोन नेमका बाजूलाच सरकत असतो. ज्या ड्रोनना चहूबाजूंनी सेन्सर आहेत, त्यांनाही बारीक तार, काडी, काच आणि शांत पाणी खात्रीने ओळखता येत नाही. कॅमेऱ्यासारखे पाहणारे सेन्सर अंधूक प्रकाशात निकामी होतात, तर स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सर्वाधिक वेगाच्या मोडमध्ये, बहुतेक ड्रोन अडथळे टाळण्याची सोय बंदच करतात. आपल्या ड्रोनच्या कोणत्या बाजूला डोळे आहेत आणि कोणती बाजू आंधळी आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

पायी फेरी झाल्यावर मला सर्वांत उपयोगी वाटणारी कृती अशी आहे: चित्रीकरणापूर्वी त्याच उंचीवर आणि त्याच त्रिज्येवर एक संथ फेरी मारावी, पण या फेरीत ड्रोनचे तोंड मधल्या वस्तूकडे न ठेवता चालण्याच्या दिशेकडे ठेवावे. अशा वेळी जी दिशा एरवी दिसत नाही तीच स्क्रीनवर येते, आणि जमिनीवरून न जाणवलेली फांदी किंवा छपराचा कोपरा स्पष्ट दिसतो. या फेरीत बॅटरीची दोन मिनिटे खर्च होतात. ती दोन मिनिटे वाचवण्याचा मोह मी नवशिक्यालाच काय, अनुभवी माणसालाही धरू देणार नाही.

उडवणाऱ्याने कुठे उभे राहावे, हेही याच टप्प्यावर ठरते. मधली वस्तू म्हणजे एखादे झाड किंवा माणूस असेल तर प्रश्न येत नाही, पण इमारत असेल तर वर्तुळाचा निम्मा भाग तिच्या आड जातो. तिथे ड्रोन नजरेआड होतो आणि रिमोटचा संदेशही तुटू शकतो, कारण २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरी काँक्रीट आणि धातू यांतून नीट पार होत नाहीत. संदेश तुटला की बहुतेक ड्रोन ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढून सरळ रेषेत उड्डाणस्थळी परततात. आणि ड्रोन जर वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला असेल तर ती सरळ रेषा नेमकी मधल्या वस्तूवरून जाते. म्हणून घरी परतण्याची ही उंची परिसरातल्या सर्वांत उंच गोष्टीपेक्षा पुरेशी जास्त ठेवणे, हे गोल उड्डाणात इतर कोणत्याही उड्डाणापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात असावा, असा नियम बहुतेक देशांत आहे आणि कमाल उंचीची मर्यादा अनेक देशांत १२० मीटर आहे; पण नियम नसता तरी इमारतीमागे आंधळेपणाने ड्रोन नेणे चुकीचेच ठरले असते. संपूर्ण वर्तुळ दिसेल अशी जागा सापडत नसेल तर पूर्ण फेरीचा हट्ट सोडून जेवढा कंस दिसतो तेवढाच उडवावा. चित्रपटात किंवा माहितीपटात वापरता येईल असे दृश्य बहुधा ९० ते १२० अंशांच्या कंसात पूर्ण होते. पाहणाऱ्याला पुरे ३६० अंश दाखवण्याची गरज क्वचितच असते.

वर्तुळाखाली माणसे येत असतील, शेजारच्या घरांच्या खिडक्यांसमोरून ड्रोन जात असेल किंवा मध्यभागी पक्ष्यांची घरटी असतील, तर वर्तुळ बदलावे किंवा बेत रद्द करावा. पक्ष्याच्या दृष्टीने घरट्याभोवती घिरट्या घालणारी वस्तू म्हणजे शिकारी असतो.

उड्डाण केल्यावर लगेच कामाला लागू नये. तीन-चार मीटर उंचीवर ड्रोन अर्धा मिनिट स्थिर धरावा. तो जागच्या जागी राहिला तर ठीक. पण काहीही न करता तो स्वतःच लहान वर्तुळात फिरू लागला आणि ते वर्तुळ मोठे होत गेले, तर ड्रोनचा होकायंत्र सेन्सर आणि जीपीएस यांचे जुळत नाही असे समजून तो तत्काळ उतरवावा. ड्रोन उडवणारे याला टॉयलेट बाउल परिणाम म्हणतात. लोखंडी मनोरे, पूल, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या गच्च्या यांच्याजवळ हा दोष उद्भवतो, आणि लोकांना गोल फिरण्यासाठी आवडणाऱ्या वस्तू नेमक्या याच असतात. अशा वस्तूपासून दूर जाऊन उड्डाण करावे आणि त्रिज्याही मोठी ठेवावी.

त्रिज्या, उंची आणि वेग

गोल फिरण्याच्या दृश्यात मधली वस्तू चौकटीत जवळपास स्थिर असते. सरकते ती तिच्यामागची पार्श्वभूमी. मधल्या वस्तूचे सौंदर्य आपण निवडतोच, पण दृश्यातली गती सगळी मागच्या डोंगरांची, झाडांची आणि ढगांची असते. पार्श्वभूमीवर लांब काहीच नसेल, नुसते सपाट माळरान किंवा कोरे आकाश असेल, तर ड्रोन कितीही नेमका फिरला तरी मधली वस्तू जागच्या जागी वळल्यासारखी दिसते आणि फेरीचा भास होत नाही. त्यामुळे उंची आणि कंस ठरवताना मागे काय येणार आहे याचा विचार आधी करावा.

वेगाचा हिशेब सोपा आहे. एका फेरीचे अंतर म्हणजे त्रिज्येला ६.२८ ने गुणून येणारी संख्या. ड्रोनला दर सेकंदाला किती अंश वळावे लागेल हे काढायचे असेल तर मीटर प्रति सेकंदातील वेगाला मीटरमधील त्रिज्येने भागून ५७.३ ने गुणावे. २० मीटर त्रिज्येवर ४ मीटर प्रति सेकंद वेगाने फेरी साधारण ३१ सेकंदांत पुरी होते आणि वळण्याचा वेग सेकंदाला सुमारे ११.५ अंश पडतो. त्याच वेगाने त्रिज्या १० मीटर केली तर तो २३ अंश होतो आणि पार्श्वभूमी डोळ्यांसमोरून ओढून नेल्यासारखी पळू लागते.

किती अंश म्हणजे जास्त, यासाठी चित्रीकरणातला एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो: कॅमेरा वळत असताना चौकटीच्या एका कडेला आलेली वस्तू दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचायला निदान ७ सेकंद लागावेत, त्याहून लवकर पोहोचली तर सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमच्या चित्रात ती अडखळत, धक्के खात सरकताना दिसते. ड्रोनच्या नेहमीच्या रुंद कॅमेऱ्याची दृष्टी, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २४ मिलिमीटरची लेन्स, आडव्या दिशेत सुमारे ७४ अंशांची असते. ७४ ला ७ ने भागले की सेकंदाला साधारण १०.५ अंश ही मर्यादा मिळते; हिशेबासाठी ती १० अंश धरू. म्हणजे रुंद लेन्सने २० मीटर त्रिज्येवर साडेतीन, ३० मीटरवर पाच आणि ५० मीटरवर पावणेनऊ मीटर प्रति सेकंद यापेक्षा वेगाने फिरू नये. पूर्ण फेरीला छत्तीस सेकंद लागतील. ती लांबलचक वाटली तर कंस कमी करावा, वेग वाढवू नये.

काही ड्रोनना ७० मिलिमीटरच्या आसपासची दुसरी लेन्स असते आणि गोल फिरण्यासाठी ती मला रुंद लेन्सहून अधिक प्रिय आहे. तिची आडवी दृष्टी सुमारे २९ अंशांचीच असल्याने दूरचा डोंगर वस्तूमागे मोठा होऊन उभा राहतो आणि ठळकपणे सरकतो. शिवाय ड्रोन वस्तूपासून दूर राहत असल्याने सुरक्षितताही वाढते. मात्र तोच ७ सेकंदांचा ठोकताळा इथे सेकंदाला फक्त ४ अंशांची परवानगी देतो. ८० मीटर त्रिज्येवर याचा अर्थ साधारण साडेपाच मीटर प्रति सेकंद असा होतो, आणि पूर्ण फेरीला दीड मिनिट लागते. लेन्स जितकी लांब, तितकी हाताची लहानशी चूकही मोठी दिसते, हेही लक्षात असू द्यावे.

उंचीच्या बाबतीत मुख्य प्रश्न क्षितिज चौकटीत हवे की नको, हा आहे. रुंद लेन्सच्या १६:९ आकाराच्या चित्रात उभी दृष्टी साधारण ४६ अंशांची असते; त्यामुळे कॅमेरा २३ अंशांपेक्षा जास्त खाली झुकला की क्षितिज चौकटीच्या वरच्या कडेतून बाहेर जाते. मोजायला सोपे करून सांगायचे तर मधली वस्तू चौकटीच्या मध्यावर ठेवली असता, ड्रोनची वस्तूपासूनची उंची त्रिज्येच्या दोन-पंचमांशापेक्षा कमी असेल तोवर क्षितिज दिसते. ३० मीटर त्रिज्येवर ती मर्यादा १२ मीटर येते. उंची त्रिज्येइतकी झाली की कॅमेरा ४५ अंश झुकतो आणि चित्र नकाशासारखे दिसू लागते; पार्श्वभूमी म्हणून फक्त जमीन उरते आणि तीही वस्तूला चिकटलेली असल्याने गती मंदावल्याचा भास होतो. नाट्य हवे असेल तर खाली यावे, रचना किंवा आकार समजावून द्यायचा असेल तर वर जावे. यातली एक निवड करून ती संपूर्ण फेरीभर पाळावी, कारण मध्येच उंची बदलल्यास ती हेतुपूर्वक केली असे न वाटता हात चुकला असेच वाटते. फिरता फिरता वर चढत जाण्याचा प्रकार वेगळा आहे; तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा चढता हवा.

दोन स्टिकचा मेळ

रिमोटवरील सर्वांत प्रचलित रचनेत, जिला मोड २ म्हणतात, डावी स्टिक पुढे-मागे केली की ड्रोन वर-खाली होतो आणि डावी-उजवी केली की तो जागच्या जागी वळतो. उजवी स्टिक पुढे-मागे केली की तो पुढे-मागे जातो आणि डावी-उजवी केली की तोंड न वळवता आडवा सरकतो. गोल फिरण्यासाठी आडवे सरकणे आणि वळणे हे दोन्ही एकाच वेळी, परस्परविरुद्ध दिशांना करायचे असते. ड्रोन उजवीकडे सरकू लागला की मधली वस्तू चौकटीत डावीकडे जाते, म्हणून तोंड डावीकडे वळवावे लागते. हाताच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही स्टिक एकमेकींपासून दूर ढकलल्या की ड्रोन वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, आणि दोन्ही स्टिक एकमेकींकडे आणल्या की काट्यांच्या दिशेने फिरतो. डावी-उजवीचा विचार करत बसण्यापेक्षा स्टिक बाहेर किंवा स्टिक आत एवढेच ध्यानात ठेवणे सोपे पडते.

सरावासाठी मोकळे मैदान आणि मध्यभागी ठेवलेले एक खोके पुरेसे आहे. पहिल्या दिवशी वर्तुळ काढूच नये. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर थांबत जावे आणि प्रत्येक कोपऱ्यावर तोंड खोक्याकडे वळवावे. मग आठ थांबे घ्यावेत. आठ थांब्यांचे अंतर हातात बसले की न थांबता फिरण्याचा प्रयत्न करावा. ड्रोन सिने मोडमध्ये किंवा तत्सम संथ मोडमध्ये ठेवावा आणि वळण्याचा प्रतिसाद मंद करण्याची सोय ॲपमध्ये असेल तर तो मुद्दाम मंद करून घ्यावा. स्टिक फक्त अंगठ्याने न दाबता अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरल्यास मिलिमीटरभर हालचालही सांभाळता येते.

आता या विद्येतली मुख्य खूण सांगतो. सुरुवातीला सगळेच जण आडवे सरकणे कायम ठेवून मधली वस्तू चौकटीतून निसटू लागली की वळण्याची स्टिक कमी-जास्त करतात. हे उलटे करावे. डावी स्टिक एका ठिकाणी नेऊन तिथेच स्थिर धरावी, म्हणजे वळण्याचा वेग कायम राहील, आणि वस्तू चौकटीच्या मध्यात ठेवण्याचे काम उजव्या स्टिककडे द्यावे. कारण असे आहे की वळण्यात झालेला छोटासा धक्काही संपूर्ण चित्रात, विशेषतः दूरच्या पार्श्वभूमीवर, झटक्यासारखा दिसतो. उलट सरकण्याच्या वेगातला फरक हळूहळू उमटतो, कारण २० मीटर त्रिज्येवर ड्रोन एक मीटर पुढे-मागे झाला तरी वस्तू तीन अंशांहूनही कमी हलते. स्टिक बाहेर ढकलून फिरताना वस्तू चौकटीत डावीकडे झुकली तर सरकणे थोडे जास्त होत आहे असे समजावे, उजवीकडे झुकली तर कमी. दुसऱ्या दिशेला फिरताना याच्या उलट.

पहिली काही वर्तुळे पूर्ण होत नाहीत, ती चकलीसारखी बाहेर उलगडत जातात. यात उडवणाऱ्याचा दोष कमी आणि भौतिकशास्त्राचा भाग जास्त आहे. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला सतत मध्याकडे ओढणारे बल लागते. दोरीला बांधलेल्या दगडाला ते दोरीकडून मिळते, ड्रोनला मात्र ते मध्याकडे किंचित झुकूनच मिळवावे लागते, आणि वळणे व झुकणे यांत थोडी दिरंगाई झाली की तो बाहेर घसरतो. म्हणून उजवी स्टिक आडवी ढकलताना केसभर पुढेही द्यावी लागते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ४ मीटर प्रति सेकंद वेगाने २० मीटर त्रिज्येवर फिरायला ड्रोनला मध्याकडे जेमतेम ५ अंश झुकावे लागते, तर १० मीटर प्रति सेकंद वेगाने त्याच त्रिज्येवर सुमारे २७ अंश. एवढ्या झुकावात पंखे चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत दिसू लागण्याचा संभव असतो आणि कॅमेरा स्थिर धरणारा गिम्बल आपल्या मर्यादेजवळ गेला की क्षितिज तिरके होते. लहान त्रिज्या आणि मोठा वेग हे एकत्र आणू नये, याचे हे दुसरे कारण.

फेरी सुरू करताना आणि संपवताना स्टिक हळूहळू द्याव्यात व हळूहळू सोडाव्यात. हव्या असलेल्या कंसाच्या आधी २० अंश आणि नंतर २० अंश जास्तीचे उडवावेत, म्हणजे वेग धरण्याचा आणि सोडण्याचा भाग कापून टाकता येतो. शेवटची चौकट कशी हवी हे आधी ठरवून तिथून उलट मोजत सुरुवातीची जागा निवडली तर दृश्याला टोक येते. नाहीतर ड्रोन फिरत राहतो आणि कुठे थांबावे हे कळत नाही.

स्वयंचलित फेरी

आजच्या बहुतेक कॅमेरा-ड्रोनमध्ये हे काम स्वतः करणारी सोय असते. डीजेआय या कंपनीच्या ड्रोनमध्ये तिला पॉइंट ऑफ इंटरेस्ट म्हणतात, आणि सर्कल व हेलिक्स हे तयार छोटे प्रकारही मिळतात. हेलिक्समध्ये ड्रोन फिरत फिरत वर चढतो. जुन्या पद्धतीत ड्रोन वस्तूच्या बरोबर वर नेऊन ती जागा मध्य म्हणून नोंदवायची आणि मग त्रिज्येइतके दूर जाऊन फेरी सुरू करायची, अशी रीत होती. आता स्क्रीनवर वस्तूभोवती चौकोन ओढला की ड्रोन तिचे स्थान स्वतः मोजतो. ज्या वस्तूवर पोत किंवा ठळक कडा नाहीत, जी पाण्यासारखी चकाकते किंवा सावलीत बुडालेली आहे, तिच्या बाबतीत हे मोजमाप चुकते. तेव्हा शेजारची एखादी ठळक वस्तू निवडून काम भागवावे.

यंत्र वर्तुळ हातापेक्षा नेटके काढते, पण वाट मोकळी आहे की नाही याची काळजी त्याने घ्यावी ही अपेक्षा ठेवू नये. आधी केलेली पायी फेरी आणि तोंड पुढे ठेवून केलेली संथ फेरी, दोन्ही इथेही तितक्याच आवश्यक आहेत, आणि सबंध वेळ एक बोट थांबवण्याच्या बटणावर असावे. बूमरँग नावाच्या प्रकारात ड्रोन लंबवर्तुळाकार मार्गाने दूर जाऊन परततो. त्यासाठी आजूबाजूला निदान ३० मीटर आणि वर १० मीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर तो वापरू नये.

स्वयंचलित आणि हाताने उडवण्याच्या मधली एक वाट म्हणजे स्पॉटलाइट. यात कॅमेरा वस्तूवर कुलूपबंद राहतो आणि ड्रोन कुठे न्यायचा ते आपण ठरवतो. उजवी स्टिक नुसती एका बाजूला धरली की वळण्याचे काम ड्रोन करतो. ज्यांचे डावे-उजवे हात अजून एकमेकांना साथ देत नाहीत त्यांनी यापासून सुरुवात करावी, पण पूर्ण हाताने फिरवण्याचा सराव सोडू नये, कारण वस्तू ओळखण्यात ड्रोन चुकला किंवा जीपीएस कमजोर झाले तर बाहेर काढणारा तोच सराव असतो.

प्रकाश आणि कॅमेऱ्याची मांडणी

पूर्ण फेरीत सूर्य एकदा कॅमेऱ्याच्या पाठीशी, एकदा बाजूला आणि एकदा समोर येतो. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर तो प्रत्येक बदलाला प्रतिसाद देतो आणि चित्र मध्येच उजळते, मध्येच काळवंडते. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, हाताने ठरवून बांधून टाकावे आणि ते सर्वांत उजळ बाजू पाहून ठरवावे, कारण पांढरा पडलेला भाग परत मिळत नाही, सावलीतला काही अंशी मिळतो. रंगांचा तोल ठरवणारा व्हाइट बॅलन्सही एका आकड्यावर स्थिर करावा. स्वच्छ उन्हात ५६०० केल्व्हिन योग्य ठरतो. फोकस एकदा मधल्या वस्तूवर लावून कुलूपबंद करावा. त्रिज्या बदलत नसल्यामुळे तो पुन्हा लावावा लागत नाही.

शटरचा वेग दर सेकंदाच्या फ्रेमसंख्येच्या दुप्पट ठेवण्याची प्रथा इथे विशेष महत्त्वाची आहे, कारण पार्श्वभूमी सतत आडवी सरकत असते आणि प्रत्येक फ्रेम लखलखीत असेल तर ते सरकणे तुटक दिसते. सेकंदाला २५ फ्रेमसाठी शटर १/५० हवे. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/२.८ असताना शटर १/३२०० च्या आसपास जाते. तिथून १/५० वर यायला सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे प्रकाश ६४ पट कमी करणारा एनडी६४ हा काळसर फिल्टर लागतो. मात्र एनडी आणि चकाकी कमी करणारा पोलरायझर एकत्र असलेला फिल्टर गोल उड्डाणात लावू नये. पोलरायझरचा परिणाम सूर्याशी होणाऱ्या कोनावर अवलंबून असतो आणि या फेरीत तो कोन क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे आकाश एका टप्प्यावर गडद निळे, तर पुढच्या टप्प्यावर फिके दिसते.

सूर्य पाठीशी असताना ड्रोनची स्वतःची सावली चौकटीत शिरू शकते, विशेषतः उंची कमी आणि सूर्यही क्षितिजाकडे उतरलेला असेल तेव्हा. सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य बाजूला ठेवून निवडलेल्या कंसात ही अडचण येत नाही, आणि वस्तूच्या आकाराला उठावही त्याच प्रकाशात मिळतो. प्रकाश समोरून सुरू करून बाजूपर्यंत आणणारा कंस, ज्यात काळी आकृती हळूहळू उजळते, तो मला सपाट उजेडातल्या पूर्ण फेरीपेक्षा नेहमीच अधिक बोलका वाटतो.

वारा

सरळ उड्डाणात वारा एका बाजूने लागतो; गोल फिरताना तो सगळ्या बाजूंनी लागतो. वारा ८ मीटर प्रति सेकंद असेल आणि ड्रोन जमिनीच्या तुलनेत ५ मीटर प्रति सेकंद वेगाने फिरत असेल, तर वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्या भागात त्याला हवेच्या तुलनेत १३ मीटर प्रति सेकंद उडावे लागते आणि वाऱ्यासोबतच्या भागात तो हवेपेक्षाही ३ मीटर प्रति सेकंद मागे राहतो. लहान ड्रोनला यातला पहिला भाग झेपत नाही. तो तिथे रेंगाळतो, वर्तुळ अंड्यासारखे होते आणि बॅटरी भराभर उतरते. संथ मोडमध्ये झुकण्याचा कोनही मर्यादित असल्याने ही मर्यादा आणखी लवकर येते. शिवाय मोठ्या इमारतीच्या किंवा कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा शांत नसते, ती भोवऱ्यांनी भरलेली असते आणि ड्रोनला वस्तूकडे ओढू शकते. वारा असेल तेव्हा त्रिज्या वाढवावी, वाऱ्याआडची बाजू टाळणारा कंस निवडावा आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की काम थांबवावे.

चित्रीकरणानंतर

संपादनात दृश्य उलटे चालवता येते, ही सोय उड्डाण ठरवतानाच ध्यानात घ्यावी. समजा दृश्याला ड्रोन झाडीकडून मोकळ्या जागेकडे येताना हवा आहे, पण झाडीजवळ फेरी सुरू करणे अवघड आहे. अशा वेळी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी, झाडीजवळ पोहोचण्याआधी स्टिक सावकाश सोडाव्यात आणि चित्र उलटे लावावे. तसेच वाऱ्यामुळे एकच दिशा सोयीची असेल तर त्या दिशेने फिरून उलट दिशेची फेरी मिळवता येते. फक्त चौकटीत चालणारी माणसे, वाहते पाणी, धूर, वाहने किंवा उडणारे पक्षी नाहीत याची खात्री करावी, कारण यांपैकी एकही गोष्ट मागे जाताना दिसली की युक्ती उघडी पडते. अशा दृश्यासाठी फेरी हव्या त्याच दिशेने उडवावी लागते.